वेशीवरचं हळदकुंकू

"आज कमानीपाशी तू उभा राहशील?" मीयोने विचारलं.

सकाळचे सव्वासात झाले होते. उत्तर थायलंडातल्या चियांग रायमधलं हॉटेल, आणि मी नाश्त्याच्या हॉलमध्ये तेवीस जणांच्या तक्रारी गोळा करत फिरत होतो. चहा पांचट आहे, पावाला वास येतो, खोलीतला एसी बंदच होत नाही. सगळी सांगली-मिरजेकडची मंडळी. माणसं प्रेमळ, पण पोटाला चिमटा बसला की प्रेम आटायचं. मी त्यांचा टूर मॅनेजर. म्हणजे बॅगा मोजायच्या, गोळ्या पुरवायच्या, विनोद सांगायचे आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांकडून अभिप्रायाचा कागद भरून घ्यायचा. आधीच्या टूरला माझ्याविरुद्ध दोन तक्रारी गेल्या होत्या. आता एक जरी आणखी गेली, तर घरी बसायची तयारी ठेवा, असं ऑफिसने स्वच्छ सांगितलं होतं.

"तूच असतेस ना दर वेळी तिथे?" मी म्हटलं.

"आज नसेन. आईचं काही खरं नाही, श्री. काल बहिणीचा फोन आला. आज नाहीतर उद्या."

मीयो आमची तिथली गाईड. तिला मी दोन वर्षं ओळखत होतो. आमचं सगळं बोलणं मोडक्यातोडक्या इंग्रजीत चालायचं, इथे मी ते मराठीत लिहितोय. ती आखा जमातीची, डोंगरावरच्या एका खेड्यातली. आम्ही पर्यटकांना जे खेडं दाखवायला न्यायचो, ते तिचंच गाव. तिचा बाप त्या गावचा पुजारी. मीयोने पळून जाऊन शहरातल्या एका थाई माणसाशी लग्न केलं, तेव्हा बापाने तिला गाव बंद केलं. चार वर्षं तिला आईचं तोंड दिसलं नव्हतं. मग गावात विणकामाची दुकानं झाली, पर्यटक हवे झाले, आणि चार म्हाताऱ्यांनी मधला मार्ग काढला. पाहुणे घेऊन आली तर मीयोने गावात यावं, पाहुणे आहेत तोवर थांबावं आणि त्यांच्याबरोबर निघून जावं. पाहुण्यांच्या वागण्याची जबाबदारी तिची. अट एकच, गावच्या कमानीला परक्या माणसाचा हात लागता कामा नये.

ती कमान मी पंधरा-वीस वेळा पाहिली असेल. दोन ओबडधोबड खांब, वर आडवं लाकूड, त्यावर कोरलेले पक्षी, आणि खांबांच्या पायथ्याशी लाकडाचीच दोन माणसं, एक पुरुष आणि एक बाई. कमानीच्या आत माणसांनी राहायचं, बाहेर भुताखेतांनी. परक्याने हात लावला की कमान बाटली. मग ती पाडायची, नवी उभारायची, आणि नवी उभी राहीपर्यंत गावात बाहेरचं कोणी ठेवायचं नाही. दोन वर्षांत एकदाही तसं झालं नव्हतं, कारण मीयो स्वतः हात पसरून तिथे उभी राहायची आणि शेवटचा माणूस आत गेला की आईच्या झोपडीकडे धावायची. पाऊण तास मिळायचा तिला. आईच्या पायांना तेल लावते, असं ती मला एकदा म्हणाली होती.

"बस थांबली की मी पुढे पळेन," ती म्हणाली. "तू बसमध्ये त्यांना नीट समजावून सांग. तुमच्या भाषेत. आणि कमानीपाशी उभा राहा. करशील ना?"

"हे काय विचारणं झालं? तू खुशाल जा," मी म्हटलं. खरंच मनापासून म्हटलं.

पहिला थांबा टेकडीवरच्या देवळाचा. बसमध्ये रोजचा रिवाज असा, की मीयोने माईकवर इंग्रजीत चार वाक्यं बोलायची आणि मी त्यांचं मराठी करायचं. करायचं म्हणजे काय, तिच्या चारांची मी दोन करायचो आणि वर एक विनोद घालायचो. लोकांना माहिती नको असते, हसायला हवं असतं, असं माझं मत होतं, आणि अभिप्रायाच्या कागदांवरून ते खरंही वाटायचं. त्या सकाळी ती म्हणाली, देवळात एक वृद्ध भिक्षू मनगटाला पांढरा दोरा बांधतात, पण बायकांनी त्यांना स्पर्श करायचा नसतो, दोरा लांबून घ्यायचा असतो. मी म्हटलं, "चपला बाहेर, आवाज कमी, आणि आतले महाराज दोरा बांधतील. लग्नात जसा बांधला होता तसा नाही, हा तोडता येतो." बस खो खो हसली.

देवळात व्हायचं तेच झालं. वत्सलाताई खटावकर सगळ्यांच्या पुढे. अडुसष्टची बाई, नऊवारी नेसून थायलंड फिरणारी, आणि तेवीस जणांत मला खरोखर आवडणारी एकटीच. एरवी रोज उठून "बाळ, तू खाल्लंस का रे?" असं टूर मॅनेजरला कोण विचारतं? त्यांच्या पर्समध्ये पासपोर्टाच्या शेजारी हळदकुंकवाचा करंडा असायचा. त्यांनी भिक्षू पाहिला आणि पदर सावरून सरळ त्याच्या पायांवर डोकं ठेवायला वाकल्या. म्हाताऱ्याने झटक्यात पाय वर ओढून घेतले. दोन सेवक धावले. वत्सलाताई ओशाळून कान धरून उभ्या राहिल्या, आणि भिक्षू बोळक्या तोंडाने हसला. तेवढ्यावर निभावलं.

मीयो माझ्याजवळ आली. "तू सांगितलं होतंस ना त्यांना?"

"सांगितलं गं. म्हातारं माणूस आहे, विसरतं."

"इथे चालतं. इथे हसतात," ती म्हणाली. "वर कोणी हसणार नाही, श्री."

डोंगराचा घाट सुरू झाला तशी बस मलूल झाली. अर्ध्यांनी अव्होमिन घेतली होती. वत्सलाताई मागच्या सीटवर खिडकीला डोकं टेकून गाढ झोपल्या होत्या, शेजारी त्यांचे यजमान बापूसाहेब घोरत होते. मीयोने माईक माझ्या हातात दिला आणि ती ड्रायव्हरशेजारी बसून बहिणीला फोन लावत राहिली. रेंज यायची, जायची. ती "हॅलो, हॅलो" म्हणायची आणि पुन्हा नंबर दाबायची.

मी माईक घेऊन उभा राहिलो. म्हटलं, "मंडळी, आता आपण खऱ्याखुऱ्या आदिवासी गावात जातोय. गावाच्या वेशीवर एक लाकडी कमान आहे. तिच्या आत माणसं आणि बाहेर भुतं, असं इथले लोक मानतात. त्यामुळे आत गेल्यावर आपापली बायको ओळखून घ्या, बाहेरून काहीही बरोबर येऊ शकतं."

हशा झाला. पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं. खोटं सांगत नाही, अगदी जिभेवर होतं. तेवढ्यात मिरजेचे ॲडव्होकेट तांबवेकर पहिल्या सीटवरून म्हणाले, "भुतांचं राहू द्या, मोहोळकर. जेवण किती वाजता? कालच्यासारखं अडीच वाजवणार असाल तर आताच सांगा."

तांबवेकरांची तक्रार म्हणजे कोर्टातला दावाच. पहिल्या दिवसापासून ते एका डायरीत काय काय टिपून ठेवत होते. मी घाईघाईने सांगू लागलो, की आज इंडियन रेस्टॉरंटमधून पुरीभाजी बांधून घेतलीय, लोणचंही आहे, एकच्या ठोक्याला जेवण. कोणी विचारलं, लोणचं कैरीचं की लिंबाचं? त्यावर आणखी पाच मिनिटं गेली. मग कुणीतरी भेंड्या सुरू केल्या.

मीयोने मागे वळून विचारलं, "एवढे का हसत होते?"

"घाबरलेत, म्हणून हसतायत," मी म्हटलं.

"मग बरं," ती म्हणाली, आणि पुन्हा फोनकडे वळली.

कमानीपाशी उभं राहून एकेकाला सांगू, असं मी मनाशी ठरवलं. ते जास्त सोपं होतं.

बस चढणीखाली थांबली. दार पूर्ण उघडायच्या आत मीयो उतरली आणि चपला हातात घेऊन चढण चढत पळाली. कमानीखालून जाताना तिने अंग चोरलं, स्वतःच्या गावची कमान असून. मग ती वळणाआड गेली. मी सगळ्यांच्या पुढे जाऊन कमानीसमोर उभा राहिलो, हात पसरून, तिच्यासारखाच. निदान दोन मिनिटं तरी.

"मोहोळकर, ग्रूप फोटो!" तांबवेकर म्हणाले. "बॅनर कुठाय?"

कंपनीच्या नावाचा पिवळा बॅनर प्रत्येक ठिकाणी धरायचा, हा नियम. आणि ग्रूप फोटो म्हणजे एक फोटो नसतो. तेव्हा मोबाइलचे कॅमेरे कामाचे नव्हते. प्रत्येकाला आपल्या कॅमेऱ्यात आपला फोटो हवा असायचा. थोड्या वेळात माझ्या गळ्यात चार, मनगटांवर तीन आणि हातात एक असे आठ कॅमेरे लटकले. उजेड नीट पडावा म्हणून मी मंडळींना कमानीपासून चार पावलं पुढे उभं केलं आणि स्वतः उतारावर खाली गेलो. सांगायचं ते फोटो झाल्यावर सांगू.

सहावा कॅमेरा डोळ्याला लावला, तेव्हा मला त्या बारक्या चौकोनात, बॅनरच्या वर, वत्सलाताई दिसल्या. झोपमोड होऊन मागाहून उतरल्या होत्या. कडेच्या पायवाटेने वर येऊन त्या कमानीसमोर उभ्या होत्या. पायथ्याची ती लाकडी जोडी त्यांनी निरखून पाहिली. त्या पुरुषाच्या आणि बाईच्या अंगावर चिंधी नाही, हे बघून त्यांनी पदराचं टोक तोंडाला लावलं आणि नजर त्यांच्या तोंडापुरतीच ठेवली. मग पर्स उघडून करंडा काढला.

मी ओरडायला हवं होतं. मी आधी बटण दाबलं. सवयीने बोट गेलं. तो फोटो कुणाच्या तरी घरी अजून असेल.

त्यांनी बाईला हळद लावली, कुंकू लावलं. पुरुषाला नुसतं कुंकू. सकाळी देवळात मिळालेलं मोगऱ्यासारखं पांढरं फूल त्यांच्या अंबाड्यात होतं, ते काढून बाईच्या पायाशी ठेवलं. मग दोन्ही हात खांबाला लावले, ते हात डोळ्यांना लावले, आणि खांबावर कपाळ टेकलं.

"वत्सलाताई, हात काढा!" मी ओरडत धावलो. गळ्यातले कॅमेरे एकमेकांवर आपटत होते.

"अरे, वेशीवरचा देव आहे ना?" त्या म्हणाल्या. "गावात पाऊल टाकायचं तर आधी त्याला हात लावायला नको का?"

कमानीच्या आत एक म्हातारी टोपली घेऊन उभी होती. तिच्या डोक्यावर चांदीच्या नाण्यांचं टोपडं होतं. तिने कमानीकडे पाहिलं, त्या लाल-पिवळ्या बोटांकडे पाहिलं, आणि टोपली टाकून जी किंकाळी फोडली ती मी विसरलेलो नाही. घरांतून माणसं बाहेर आली. कुणी ढकललं नाही, कुणी मारलं नाही. ती नुसती ओळीने उभी राहिली आणि कमानीकडे बघत राहिली. एका बाईने आपल्या तान्ह्या पोराचं तोंड छातीशी झाकून घेतलं.

मग मीयोला आणलं. दोन बायकांनी तिला दंडाला धरून आणलं आणि कमानीतून बाहेर सोडलं. तिच्या दोन्ही हातांना कोपरापर्यंत तेल होतं. मागोमाग तिचा बाप आला. बारीक अंगाचा, काळा अंगरखा घातलेला माणूस. तो आतल्या बाजूला थांबला. त्याचा आवाज चढला नाही. तो सावकाश बोलत होता आणि मीयो मान खाली घालून एकेका शब्दाने उत्तर देत होती.

वत्सलाताईंनी माझी बाही धरली. "काय झालं रे बाळ? माझं काही चुकलं का?"

तांबवेकर पुढे आले. "मोहोळकर, हा काय प्रकार आहे? हात लावायचा नव्हता, तर आम्हाला आधी कळायला नको? ही जबाबदारी कुणाची?" आणि खिशातून ती डायरी काढली.

मीयो माझ्याकडे वळली. तिचे डोळे कोरडे होते. तिने एकेक वाक्य नीट, सुटं करून सांगितलं.

"श्री, बाबा विचारतायत, हे निषिद्ध आहे हे मी तुला आज सांगितलं होतं का? मी म्हटलं, सांगितलं होतं. ते म्हणतात, त्या माणसाला विचार. मी सांगितलं असेल, तर मी माझा शब्द पाळला. मग दोष तुझा. मग मला आत जाऊन आई जाईपर्यंत बसता येईल. मी सांगितलं नसेल, तर मी शब्द मोडला. मग मी परकी. तुमच्याबरोबर खाली जायचं." ती थांबली. "आई जागी आहे. मला तिने ओळखलं."

"काय म्हणतेय ती?" तांबवेकरांनी विचारलं. त्यांना इंग्रजी येत होतं, पण मीयोचे उच्चार त्यांना उमगत नसत. माझं इंग्रजी मात्र त्यांना नीट कळायचं. ते माझ्या तोंडाकडे बघत होते. बाकीचे बावीस जणही बघत होते, बापूसाहेब बायकोचा हात धरून. कमानीच्या आत गाव उभं होतं.

मी घाबरलो. याला दुसरा शब्द नाही. भीती त्या गावाची नव्हती, त्यांच्यापैकी कुणाच्या हातात साधी काठीही नव्हती. भीती त्या डायरीची होती.

"नो," मी म्हटलं. "तू मला हे सांगितलं नव्हतंस."

मीयो माझ्याकडे बघत राहिली. मग ती बापाकडे वळली आणि त्यांच्या भाषेत एक लहानसं वाक्य बोलली.

बापाने मान हलवली. कमरेचा कोयता काढून त्याने कमानीच्या बुंध्याजवळ जमिनीवर एक रेघ ओढली आणि तो पाठ फिरवून गेला. लोकही गेले. दोन माणसं कुऱ्हाडी घेऊन आली.

"काय ठरलं?" तांबवेकर म्हणाले.

"त्यांच्या अंधश्रद्धा आहेत," मी म्हटलं. "गाव आज बंद. आपण जेवून घेऊ."

वत्सलाताई बसमध्ये पुढे येऊन माझ्या शेजारी बसल्या. "मला खरं सांग. माझ्यामुळे झालं ना? त्या पोरीला ओरडले का ते?"

"छे हो. तुमचा काय संबंध?"

"मग ती का गप्प आहे?"

"घाट लागतो तिला," मी म्हटलं.

पुरीभाजी एकच्या ठोक्याला मिळाली. लोणचं लिंबाचं होतं.

मला वाटलं होतं, मीयो तिथेच रस्त्यावर बसून राहील, किंवा निदान शहरात उतरून घरी जाईल. पण परवानाधारक गाईडशिवाय परदेशी ग्रूपला देवळात सोडत नाहीत, आणि कार्यक्रमपत्रिकेवर दुपारी अजून एक देऊळ होतं. तिने माईक घेतला. आवाज जरा बसलेला होता, एवढंच. ती म्हणाली, या देवळात बुद्ध उजव्या कुशीवर निजलेला आहे. हा त्याचा शेवटचा दिवस. जवळ बसलेले शिष्य आहेत, काही रडतायत, काही शांत आहेत. जे शांत आहेत त्यांना कळलंय, की जाणाऱ्याला अडवायचं नसतं, नुसतं जवळ बसायचं असतं.

मी प्रत्येक वाक्याचं मराठी केलं. एक शब्द गाळला नाही, विनोद घातला नाही. बस शांत होती. तांबवेकर म्हणाले, "हे छान सांगितलंत, मोहोळकर," आणि डायरीत टिपून घेतलं.

सगळे आत गेल्यावर मी पायऱ्यांवर मीयोच्या शेजारी जाऊन बसलो. तिने हात धुतले नव्हते. तेलावर रस्त्याची धूळ बसली होती.

"मीयो," मी म्हटलं, "त्या लोकांना इंग्रजी येत नव्हतं. गावात एकालाही येत नव्हतं. मी काय बोललो ते फक्त तुला कळलं होतं. तू त्यांना सांगायचंस, तो हो म्हणतोय म्हणून. कुणाला कळलं असतं?"

आतून घंटेचे टोले येत होते, आमची मंडळी एकामागून एक घंटा वाजवत होती.

"मी भाषांतर करते, श्री," ती म्हणाली. "तू जे म्हणालास ते मी सांगितलं."

एवढंच. तिने मला शिवी दिली असती तर मी आयुष्यभर ती सांगत फिरलो असतो आणि मोकळा झालो असतो. त्या वाक्याचं काय करायचं ते मला अजून समजलेलं नाही. दोन वर्षं मी तिची वाक्यं खाल्ली होती, आणि माझं एकच वाक्य, तिच्या जिवावर उठलेलं, तिने जसंच्या तसं पोचवलं. आपल्या बापाला, आपल्या तोंडाने.

हॉटेलवर परतलो तेव्हा पाच वाजून गेले होते. दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान, म्हणून मंडळी लॉबीतच मीयोचा निरोप घेत होती. ती दाराशी उभी राहून एकेकाला हात जोडत होती. तेवढ्यात तिचा फोन वाजला. सबंध दिवस जो फोन लागत नव्हता तो आता वाजला. ती कोपऱ्यात गेली. मिनिटभर नुसतं ऐकत राहिली. मग फोन बंद करून पुन्हा दाराशी आपल्या जागेवर येऊन उभी राहिली आणि पुढच्या माणसाला हात जोडले. डोळ्यांतलं पाणी मात्र तिला आवरत नव्हतं.

वत्सलाताई खोलीत जाऊन खणाचं कापड, नारळ आणि मूठभर तांदूळ घेऊन आल्या होत्या. तो नारळ त्यांनी सांगलीहून आणला होता, परक्या मुलुखात जी कुणी माया लावील तिची ओटी भरायची म्हणून. त्यांनी मीयोच्या कपाळाला हळद लावली, कुंकू लावलं. मीयो वाकून उभी राहिली. त्याच करंड्यातलं कुंकू होतं ते. तिने ओळखलं असणारच.

"अगं, रडतेस काय अशी?" वत्सलाताईंनी तिची हनुवटी धरली. मग मला म्हणाल्या, "विचार रे तिला, काय झालं."

मी विचारलं.

"आई चार वाजता गेली," मीयो म्हणाली. "शेवटपर्यंत दाराकडे बघत होती, असं बहीण म्हणाली."

"काय म्हणाली?" वत्सलाताईंनी विचारलं.

तांबवेकर सोफ्यावर बसून अभिप्रायाचा कागद भरत होते. वत्सलाताई माझ्या तोंडाकडे बघत होत्या, सकाळी भिक्षूसमोर कान धरून उभ्या होत्या तशाच, आपलं काही चुकलं का हे विचारणाऱ्या चेहऱ्याने. खरं सांगितलं असतं तर ते ओझं त्या बाईने जन्मभर वाहिलं असतं. असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं. माझी कातडी वाचवायला मला नेहमी दुसऱ्याची काळजी सापडते.

"म्हणते, तुम्हाला बघून आईची आठवण झाली."

वत्सलाताईंचा चेहरा उजळला. त्यांनी मीयोच्या गालांवरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली.

"येणारच गं आठवण. गुणाची पोर. घरी गेलीस की आईला माझा नमस्कार सांग म्हणावं. म्हणावं, सांगलीच्या एका आईने सांगितलाय."

मीयो माझ्याकडे वळली. कपाळावर कुंकू, ओंजळीत नारळ.

"त्या काय म्हणतायत?" तिने विचारलं.

मी सांगितलं. एकही शब्द न गाळता, जसंच्या तसं.

मीयोने ऐकून घेतलं. नारळ काखेत धरून तिने वत्सलाताईंना हात जोडले आणि खूप खाली वाकली.

"सांगते म्हणावं," ती म्हणाली.

तेही मी सांगितलं.